मंगळावरचं लोडशेडिंग

आजचा विषय बॅटरी. पण सुरुवात आमच्या केळीच्या वावरातून.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातलं. शेतीपंपाची लाईट पाळीने येते. रात्रपाळी असली की पप्पा मोबाईलच्या टॉर्चवर मोटार चालू करायला जातात. मागच्या मे महिन्यात असेच गेले. स्क्रीनवर 22 टक्के. विहिरीजवळ टॉर्च लावला आणि फोन बंद! सापाविंचवाचे दिवस, आणि माणूस अंधारात बांधावरून चाचपडत घरी. सकाळी मला पुण्याला फोन: "तू इंजिनिअर ना? मग माझे 22 टक्के गेले कुठे?"

मी सॉफ्टवेअरवाला. उत्तर येईना, म्हणून वाचायला बसलो आणि पोचलो थेट इस्रोपर्यंत.

तर, टक्के हा फोनने बांधलेला अंदाज असतो. पप्पांचा फोन तीन उन्हाळे मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत भाजलेला. आपल्याकडचा 45 डिग्रीचा मे माहितीये ना? उष्णतेने लिथियम-आयन सेल लवकर म्हातारा होतो, त्याच्या आतला रोध वाढतो. मग टॉर्च, वर रेंज शोधणं, असा लोड एकदम आला की व्होल्टेज धाडकन पडतं. फोन गप्प.

आता सॅटेलाइटचं बघा. पृथ्वीच्या जवळून फिरणारा सॅटेलाइट साधारण दीड तासात एक फेरी मारतो, त्यात अर्धा तास तरी सावलीत. म्हणजे दिवसातून पंधरा वेळा लोडशेडिंग! वर्षाला पाच हजारांवर सायकल. आपला फोन पाचशे-आठशेतच कण्हायला लागतो. म्हणून तिथे बॅटरी मुद्दाम मोठी बसवतात आणि दर फेरीला तिच्यातला वीस-तीस टक्केच भाग वापरतात. शिवाय हीटर लागतो, कारण शून्याखाली चार्ज केलं तर लिथियम धातू होऊन आत साचतं आणि सेल खराब होतो.

असे सेल तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने स्वतः बनवले, 1.5 पासून 100 अँपिअर-अवरपर्यंत. 2018 मध्ये इस्रोने हे तंत्रज्ञान भारतीय कंपन्यांना एक कोटी रुपयांत देऊ केलं. मला तर हे स्वस्तच वाटलं.

पण एवढं करूनही रात्र जिंकते कधीकधी. मंगळयान सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं, टिकलं जवळपास आठ वर्षं. एप्रिल 2022 मध्ये लांबलचक ग्रहण आलं आणि संपर्क गेला. इंधन संपलं असणार, त्यामुळे पॅनल सूर्याकडे वळवता आले नाहीत, असं इस्रोने नंतर सांगितलं.

आणि प्रज्ञान रोव्हर! 2 सप्टेंबर 2023 ला बॅटरी फुल चार्ज करून, पॅनल पुढच्या सूर्योदयाच्या दिशेला ठेवून त्याला झोपवलं. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची, तापमान उणे शंभरच्याही बरंच खाली. 22 तारखेला हाका मारल्या. विक्रम नाही, प्रज्ञान नाही, कोणीच ओ दिली नाही. त्या दिवशी मी ऑफिसात दर तासाला बातम्या बघत होतो, खरंच.

हे सगळं पप्पांना फोनवर सांगितलं. म्हटलं, नवीन मोबाईल घेऊन येतो. ते म्हणाले, "मोबाईल नको, बॅटरी आण."

आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात ना! येताना धुळ्यात उतरलो, आग्रा रोडवरून चांगली दणकट एक घेतली. आता रात्रपाळीला दोन्ही सोबत असतात. मोबाईल खिशात, बंद ठेवलेला.