गुडघ्याला रीस्टार्ट नसतो

आज बोलूया अमेरिकन फुटबॉलवर, म्हणजे एनएफएलवर. हंगामाआधी ऑगस्टमध्ये तिथे सराव सामने होतात. गुणतक्त्यात त्यांची किंमत शून्य. मी सॉफ्टवेअरवाला, मला वाटायचं हे आपल्या टेस्टिंगसारखंच. पण टेस्ट सर्व्हर पडला तर आपण रीस्टार्ट करतो. पायाचं काय? २००३ मध्ये अटलांटाच्या मायकल विकचा पाय असल्याच सामन्यात मोडला, आणि अर्ध्याहून जास्त हंगाम बुडाला.

नियम आहेत. ‘चॉप ब्लॉक’ म्हणजे एकाने बचावपटूला वर अडवून धरायचं आणि दुसऱ्याने त्याच्या मांडीवर किंवा गुडघ्यावर धडकायचं. २०१६ मध्ये लीगने तो पूर्ण बंद केला. दंड १५ यार्डांचा, सराव सामन्यातसुद्धा.

पण नुसत्या सरावात? ऑगस्ट २०२२ मध्ये रॅम्स आणि बेंगल्सच्या एकत्र सरावात आरन डोनाल्डने हेल्मेट हातात घेऊन समोरच्यांवर फिरवलं. लीगकडून बंदी नाही, कारण सराव क्लबच्या अखत्यारीत. २०१९ मध्ये माइल्स गॅरेटने खऱ्या सामन्यात हेल्मेटने मारलं, तर सहा सामने बाहेर!

डोकं तर दोन्हीकडे माणसाचंच ना? मला हा सरळसरळ बग वाटतो. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!