ताईपल्या घरी

(भवानीनगर इथं तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी ओळख करून देताना आत्ता 'इंजिनिअर आणि लेखक' असं म्हटलं गेलं. दोन्हींतला फरक आधीच सांगून टाकतो. मी पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर लिहितो, त्याचे पैसे मिळतात. मराठीत गोष्टी लिहितो, त्याला पैसे लागतात.

मी इथलाच. अब्बा कारखान्यात फिटर होते. आम्ही भोंग्यावर उठायचो, भोंग्यावर जेवायचो. माझं पुस्तकही याच सगळ्याचं आहे. अकरा विनोदी गोष्टी. वजनकाट्यावरची रांग, नळावरची भांडणं, पालखीच्या दिवशी हरवलेली सायकल, आणि एक बोकड, जो बकरी ईदच्या आदल्या रात्री दावं तोडून पळतो आणि सकाळी शेतकी ऑफिसच्या व्हरांड्यात रवंथ करताना सापडतो. बोकडाचं पुढं काय होतं ते सांगत नाही, नाहीतर उरलेल्या प्रती कोण घेणार?

पुस्तक छापणं म्हणजे काय, हे पुण्यातल्या लोकांना समजावून सांगावं लागतं. तुम्हाला एका वाक्यात सांगतो: तोड येत नाही. बस. ऊस उभा आहे, नोंद झालेली आहे, टोळीचा मुकादम फोन उचलत नाही, उचलला तर 'परवा' म्हणतो. प्रकाशकही 'परवा'च म्हणतात, फक्त ते इमेलवर म्हणतात. आडसाली ऊससुद्धा दीड वर्षात तुटून जातो. माझं हस्तलिखित बावीस महिने उभं होतं. तुरा आला होता त्याला.

आणि ऊस तुटल्यावर निदान कायदा तुमच्या बाजूनं आहे. १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज. तो कुठं किती पाळला जातो हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, पण बोट ठेवायला कागद तरी आहे. लेखकाला एफआरपी नाही. रॉयल्टी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ठरते, आणि ती विकलेल्या प्रतींवर असते. किती विकल्या हे प्रकाशकच सांगणार. म्हणजे ऊस तुमचा, काटा त्यांचा, आणि काट्याकडं बघायला तुम्हाला बोलावणारही नाहीत. एक आशा मात्र असते, दुसऱ्या आवृत्तीची. ती म्हणजे खोडवा. लागणीचा खर्च नाही, आलं ते नफ्याचं. माझ्या रानात अजून पहिलाच ऊस उभा आहे.

बारामतीचे मोरोपंत आठवा. अठराव्या शतकातले. नाइकांचा आश्रय होता, पुराण सांगायचे आणि लिहायचे. त्यांनी १०८ रामायणं लिहिली. एकशे आठ! आज एखाद्या प्रकाशकाकडं जाऊन म्हणून बघा की साहेब, दुसरं रामायण आणलंय. म्हणतील, पहिल्याच्या प्रती अजून गोदामात आहेत.

तर मी हस्तलिखित घेऊन पुण्यातल्या एका प्रकाशकांकडं गेलो. नाव सांगत नाही. माणूस सज्जन, चहा दिला, मराठी छान आहे म्हणाले. हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. 'तुमचं मराठी छान आहे हं.' दहावीला मराठीत ८४ मार्क पडले तेव्हाही एकांनी मला हेच सांगितलं होतं, त्यांच्या मुलाला ६१ होते. त्याचं मराठी कसं आहे हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

प्रकाशकांनी पानं चाळली. मग म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण यात मुस्लिम समाजाचं दुःख कुठं आहे?"

मी म्हटलं, "आहे की सर. चौथ्या गोष्टीत तोड येत नाही."

"ते तर सगळ्यांचंच आहे."

यावर मला उत्तर सुचलं नाही. घरी येताना स्वारगेटला सुचलं, पण तोवर बारामतीची गाडी लागली होती.

निघताना त्यांनी सल्ला दिला, "हमीद दलवाईंसारखं काहीतरी लिहा." मी मान डोलावली. मान डोलावताना लाज वाटत होती, कारण दलवाईंचं नाव घेऊन मी कॉलेजात वाद घातले होते, पण त्यांची एकही कथा वाचलेली नव्हती. मग वाचल्या. 'लाट' हा कथासंग्रह १९६१चा, 'इंधन' ही कादंबरी १९६५ची, आणि मुस्लिम सत्यशोधक मंडळ १९७०चं. म्हणजे हा माणूस आधी लेखक होता. कोकणातलं गाव, तिथली माणसं, त्यांचे हेवेदावे लिहीत होता. आपण त्यांची भाषणं लक्षात ठेवली, त्यांच्या गोष्टी कपाटात ठेवल्या. त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही आणि विरोधात बोलणाऱ्यांनीही. 'दलवाईंसारखं लिहा' याचा अर्थ माझ्या प्रकाशकांच्या मनात काहीही असो, मी तो 'गावातली माणसं लिहा' असा घेतला आणि बोकड तसाच ठेवला.

आता खरा घोटाळा सांगतो. यात दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच आहे.

पुस्तक घ्यायला ते शेवटी तयार झाले. एक सूचना होती: अम्मी, अब्बा, आपा, खाला हे शब्द सामान्य वाचकाला अडतील. एकतर तळाला टीपा द्या, नाहीतर मराठी शब्द घाला. मी टीपा मोजल्या. पहिल्या गोष्टीतच एकोणीस झाल्या. विनोदी गोष्टीला एकोणीस टीपा म्हणजे लग्नाच्या वरातीला एकोणीस गतिरोधक. मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. रात्री साडेबारा वाजता फाइल उघडली आणि चार आज्ञा दिल्या. अब्बा तिथं वडील. अम्मी तिथं आई. आपा तिथं ताई. खाला तिथं मावशी. सगळीकडं, एकदम. चार सेकंदांत दोनशे पानं शुद्ध झाली. मी समाधानानं झोपलो.

संगणकाला शब्द कळत नाही, अक्षरं कळतात. शब्द कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो याची हद्द आपण घालून द्यावी लागते. हे मी ऑफिसात नव्या पोरांना शिकवतो. त्या रात्री माझ्यातल्या नव्या पोराला कुणी शिकवलं नाही.

गोष्टीतले अब्बासचाचा सकाळी 'वडीलसचाचा' झाले होते. भांडण संपल्यावर वसाहतीतली माणसं आपापल्या घरी जातात, असं वाक्य होतं. ती सगळी 'ताईपल्या घरी' गेली. आपापसात बोलणारी माणसं 'ताईपसात' बोलू लागली. आणि एका ठिकाणी मी थोडं गंभीर व्हायला गेलो होतो, 'कुणाच्या दुःखाला हसू नये' असं काहीसं, तिथं झालं होतं: 'कुणाच्या दुःमावशी हसू नये.' प्रकाशकांना हवं असलेलं दुःख माझ्या पुस्तकात होतं, मीच त्याची मावशी करून टाकली.

हे मला दिसलं नाही. बाडाची छापील प्रत मी अम्मीला वाचायला दिली होती. अम्मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली आहे, मराठी वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचते. तिनं चष्मा लावला, चार पानं वाचली आणि विचारलं, "ये आई कोन रे?"

मी म्हटलं, "तूच आहेस ती."

"मैं? मेरेकू तो तू कब्बी आई नै बोला." पुन्हा पानं उलटली. "अपने घर में ये आई कब आई?"

मी हसलो. ती हसली नाही. पुढचं पान वाचत राहिली आणि जरा वेळानं म्हणाली, "गोष्टी चांगल्या आहेत. पण कुणाच्या तरी दुसऱ्याच घरातल्या वाटतात."

हे शेवटचं वाक्य ती मराठीत बोलली. आमच्या घरात महत्त्वाचं बोलायचं असलं की अम्मी मराठीत बोलते. शाळेत बाई मराठीत बोलायच्या ना, त्याचा परिणाम असावा.

त्या रात्री मी जुनी फाइल परत काढली. आणि एक उद्योग केला. प्रकाशकांशी झालेला सगळा पत्रव्यवहार समोर घेतला आणि त्यात टीपा द्यायला लागलो. 'मजकूर मिळाला' यातला मजकूर अरबी. 'मसुदा' अरबी. 'कागद महागलाय' यातला कागद फारसी. कलम आणि दौत अरबी, शाई फारसी, पुस्तकाची जिल्द अरबी. रॉयल्टीचा 'हिशेब', त्यातली 'रक्कम' आणि 'बाकी', सगळं अरबी. 'नुकसान'ही तिकडचंच. म्हणजे मराठी पुस्तक लिहायच्या कागदापासून ते बुडेपर्यंतचे सगळे शब्द टीप न देता चालतात. फक्त माझी अम्मी अडते.

ही काही माझी संशोधनं नव्हेत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. तरी कागद आणि कलम हटले नाहीत. १९२५ साली माधव ज्यूलियन यांनी फार्शी-मराठी कोश काढला. त्याच ज्यूलियननी पुढं भाषाशुद्धीची बाजू हिरिरीनं मांडली. आधी सगळे पाहुणे मोजले आणि मग त्यांना घरी जा म्हणाले. पाहुणे जेवूनच गेले नाहीत, राहिलेच.

प्रकाशकांना मी हे सगळं लिहून पाठवलं नाही. फक्त एक ओळ पाठवली: 'अम्मीला टीप नको, ती सगळ्यांना कळते.' त्यांचं उत्तर तीन शब्दांचं होतं: 'बरं, राहू दे.' बावीस महिन्यांतलं त्यांचं हे सर्वांत जलद उत्तर. मी उगाच रात्रभर जागलो होतो. त्यांनी सूचना केली होती, चाकू मी चालवला होता. तुमच्यापैकी जे लिहिता त्यांनी हे तपासून बघा. कुणी खोडायच्या आधीच आपण काय काय खोडून ठेवतो.

बाकीची माहिती पटकन देतो, कारण तुमच्यातल्या काहींनी आधीच विचारलंय. आयएसबीएन क्रमांक सरकारकडून मिळतो आणि फुकट मिळतो. त्याचे कुणी वेगळे पैसे मागितले तर उठून या. 'आधी पैसे भरा, मग छापतो' असं कुणी म्हणालं तर तो छपाईवाला आहे, प्रकाशक नव्हे. छपाईवाला असणं वाईट नाही, पण मग सगळ्या प्रती तुमच्या घरी येतील, तेव्हा दिवाणाखालची जागा आधी मोजा. आणि १९५४च्या कायद्याप्रमाणं प्रकाशकानं पुस्तकाची एकेक प्रत स्वखर्चानं चार ग्रंथालयांना पाठवायची असते: कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली. माझ्या पुस्तकाचा पहिल्या महिन्यातला खप तीन होता. म्हणजे कायद्यानं मला माझ्या नातेवाइकांपेक्षा जास्त साथ दिली.

आता एका वाचनालयाची गोष्ट सांगतो आणि बसतो.

इंदापूर तालुक्यातल्याच एका गावच्या वाचनालयात माझं पुस्तक आहे असं कळलं. शनिवारी मुद्दाम गेलो. विनोदी पुस्तकांच्या कपाटात बघितलं, मिरासदार होते, शंकर पाटील होते, मी नव्हतो. कथासंग्रहांत नव्हतो. शेवटी ग्रंथपालांना विचारलं. त्यांनी आणून दिलं, 'धर्म' या कपाटातून. वर लेखकाचं नाव होतं, आतलं कुणी बघितलं नव्हतं. बोकडाचं चित्र मुखपृष्ठावर असल्यानं त्यांची खात्रीच पटली असणार.

मी गुपचूप ते मिरासदारांशेजारी ठेवून आलो. तेवढीच संगत. महिन्यानं पुन्हा गेलो तर पुस्तक परत धर्मात. पण या वेळी मागची चिठ्ठी बघितली. तारखांचे शिक्के होते. सहा! विनोदी कपाटातल्या कितीतरी पुस्तकांवर वर्षभरात दोनसुद्धा नव्हते. विचारलं, कोण नेतं हो हे? ग्रंथपालांनी दाराकडं बोट केलं. एक आजोबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. ते धर्माच्या कपाटातलं एकही पुस्तक सोडत नाहीत म्हणे.

मी जाऊन शेजारी बसलो. लेखक आहे हे सांगितलं नाही. विचारलं, "आजोबा, हे पुस्तक कसंय?"

त्यांनी मुखपृष्ठ बघितलं. "चांगलंय. दोनदा वाचलं. धर्माचं काही सापडलं नाही बुवा, म्हणून सुनेला दिलं, तिलाही नाही सापडलं. मग शेजारी दिलं."

मग जरा पुढं झुकून म्हणाले, "पण ती अम्मी फार बेरकी आहे हां. आमच्या आईगत."