मुळगावचे लोखंड आणि उचलून नेता येणारे चुंबक



गोव्यातल्या आमच्या मुळगावची तांबडी माती चुंबकाला चिकटत नाही. इथले खनिज बहुतेक हेमेटाइट. लोखंड भरपूर, चुंबकत्व नावापुरते. पण शुद्ध लोखंडात निओडिमियम आणि थोडा बोरॉन मिसळला की आजचे सर्वांत बलवान कायम चुंबक तयार होते. वजनाने त्याचा दोन तृतीयांश भाग लोखंडच असतो. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी हा मिश्रधातू स्वतंत्रपणे शोधला.

हे चुंबक एमआरआयच्या कामी येईल का? इस्पितळातल्या दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्राला सहसा द्रवरूप हेलियम लागतो, म्हणून रोग्यालाच यंत्राकडे जावे लागते. कायम चुंबकाला ना हेलियम, ना वीज. मग अडते कुठे? जोर मिळतो; तो सगळीकडे सारखा मिळवणे कठीण. क्लाउस हालबाख यांनी 1980च्या सुमारास एक सुंदर मांडणी दिली. चुंबकाचे तुकडे वर्तुळावर बसवायचे, आणि वर्तुळाची एक फेरी पुरी होताना तुकड्यांची दिशा दोनदा फिरवायची. आतले चुंबकीय क्षेत्र एकाच दिशेचे होते, बाहेर जवळजवळ काहीच सांडत नाही. प्रत्येक तुकडा मात्र थोडा वेगळा निघतो. म्हणून आधी सगळे मोजायचे, मग जागा ठरवायच्या, उरलेला दोष बारीक तुकडे लावून काढायचा. हे काम चिकाटीचे. बोट मध्ये सापडले तर चेचते.

2022 साली युगांडातल्या म्बारारा इथे, नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांच्या आराखड्यावरून, असे कायम चुंबकाचे एमआरआय यंत्र तिथेच जुळवले गेले. क्षेत्र जेमतेम 0.05 टेस्ला; उद्देश बाळांच्या डोक्यात साचलेले पाणी पाहण्याचा.

गोव्यात खरी परीक्षा उन्हाची. हे चुंबक एका अंशाने तापले की क्षेत्र हजारात साधारण एका भागाने घटते. 0.05 टेस्लाला, यंत्र जो ऐकते तो शरीरातल्या हायड्रोजनचा सूर सेकंदाला सुमारे 21 लाख कंपनांचा. अंशागणिक तो दोन हजारांहून अधिक कंपनांनी, तंबोऱ्यासारखा, उतरतो. समेरियम-कोबाल्टचे चुंबक उष्णतेला अधिक टिकते, पण महाग. माझ्या मते आपल्यासाठी निओडिमियमच बरे. भोवती उष्णतारोधक वेष्टन द्यावे आणि दर मोजणीआधी सूर पुन्हा जुळवावा.

डिचोली-पेडण्यातल्या तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनो, लायडनचे आराखडे सर्वांना खुले आहेत. एक लहान वर्तुळ जुळवा, आणि मे महिन्याच्या भर दुपारी त्याचे क्षेत्र मोजून पाहा.