गुण कुणाचे – बाईचे की फोनचे?

(वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मी संगणकातली तज्ज्ञ नाही आणि इंग्रजीची प्राध्यापकही नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून वस्तीत काम करते. पुण्यातल्या एका वस्तीत आम्ही बायांचा इंग्रजीचा वर्ग चालवतो. मोबाईलवरून शिकवताना आणि परीक्षा घेताना आमच्या हातून काय चुकले, ते सांगायला मी इथे उभी आहे.

वर्गाला येणाऱ्या बहुतेकजणी पस्तिशीच्या पुढच्या. महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आले ते २००० साली. या बायांच्या वाट्याला ते पाचवीत आले आणि सातवी-आठवीत शाळाच सुटली. त्यांना मडमिणीसारखे बोलायचे नाही. औषधाचे पाकीट, बँकेचा मेसेज, मुलाच्या शाळेची सूचना दुसऱ्याच्या तोंडाकडे न बघता वाचायची आहे.

आम्ही मोबाईलवरचे एक ॲप घेतले. पडद्यावर वाक्य येते, बाई मोठ्याने वाचते, फोन ऐकतो आणि गुण देतो. याचा फायदा झाला, हे आधी कबूल करते. चारचौघींत तोंड न उघडणारी बाई फोनपुढे तेच वाक्य वीसदा वाचते. एकजण म्हणाली, "ताई, फोन हसत नाही ना!"

चूक पुढे झाली. देणगीदारांना अहवाल हवा होता, अहवालाला आकडे हवे होते आणि फोन आकडे आयते देत होता. आम्ही त्या गुणांनाच परीक्षा मानले.

रुग्णालयात आयाचे काम करणाऱ्या एक मावशी आहेत. शेजारणीच्या गोळ्यांची मुदत संपली आहे, हे पाकिटावरचे इंग्रजी वाचून त्यांनीच तिला सांगितले होते. फोनने त्यांना वर्गात सगळ्यांत कमी गुण दिले. "माझी जीभच जड," म्हणून त्या यायच्या बंद झाल्या.

मग मी त्यांच्याजवळ बसून ते धडे पुन्हा ऐकले. पश्चिम दिशा आणि बनियन, दोन्हींना आपण 'वेस्ट'च म्हणतो. इंग्रजीत पहिल्या शब्दाला ओठांचा चंबू होतो, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठाला लागतात. आपल्या 'व'मध्ये हा भेद नाही. मावशींना अर्थ कळला होता. फोनला मावशी कळल्या नव्हत्या. यंत्राला ज्यांचे बोलणे भरपूर ऐकवलेले असते, त्यांचेच त्याला नीट समजते. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच मोठ्या कंपन्यांच्या अशा यंत्रणा तपासल्या, त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. गोऱ्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सुमारे १९ चुका, तर काळ्यांच्या बोलण्यात ३५. इंग्रजी ही जन्मभाषा असलेल्यांची ही गत, तिथे आपल्या मावशींना कोण विचारतो?

दुसरी चूक याहून गंभीर. रोज रात्री नऊ वाजता प्रत्येकीने एक वाक्य बोलून व्हॉट्सॲपच्या गटावर पाठवायचे, असे आम्ही ठरवले. फोन कुणाचा, हे विचारलेच नाही. एकीचा फोन नवऱ्याचा होता. "रात्री कुणाला आवाज पाठवतेस?" इथून सुरुवात झाली आणि ते मारहाणीपर्यंत गेले. अहवालात तिच्या नावापुढे आम्ही लिहिले होते – 'अनियमित'. त्या शब्दाची मला आजही लाज वाटते.

ही काही एका घरापुरती गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी फक्त ५४ टक्क्यांकडे स्वतः वापरण्याचा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बाया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. म्हणजे 'घरी फोनवर सराव करा' म्हणताना आपण जवळजवळ अर्ध्या बायांना दाराबाहेर ठेवतो आणि वर त्यांनाच नापास करतो.

आता आम्ही काय करतो? वर्गाचे म्हणून दोन फोन घेतले आहेत. सराव वर्गातच होतो, धडे आधीच उतरवून ठेवतो, घरून काही पाठवायचे नाही. फोनचे गुण ज्याचे त्याने पाहायचे, ते वहीत लिहायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात प्रत्येकीचा आवाज तिला विचारून ध्वनिमुद्रित करतो, तीन महिन्यांनी पुन्हा. दोन्ही तिलाच ऐकवतो. ठेवायचे की पुसायचे, ती ठरवते. आणि परीक्षा म्हणजे काम: औषधाची चिठ्ठी वाचून दाखव, बँकेचा फॉर्म भर, आलेला मेसेज खरा की फसवा ते सांग. तपासायला वर्गातल्याच दोघीजणी बसतात. वेळ जास्त लागतो. अहवालात आकड्यांऐवजी वाक्ये लिहावी लागतात आणि देणगीदारांशी त्यावरून वाद होतात. ते होऊ देत.

मावशी परत आल्या आहेत. ती दुसरी आली नाही. तिच्या घरी आम्ही जातो, बोलतो, पण वर्गाचा विषय ती काढू देत नाही.

फोन टाकून द्या, असे मी म्हणत नाही. फोनला सरावाला बसवा, परीक्षकाच्या खुर्चीत बसवू नका. आणि पुढच्या वेळी हजेरीपटावर 'अनियमित' लिहिण्याआधी तिच्या घरी जाऊन या.