वीस मैलांपलीकडचा फोन



१९९९च्या सप्टेंबरात आई आमच्याकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला आली आणि चार महिने राहिली. दिवसभर घरात एकटी. तिची एक बालमैत्रीण तेव्हाच सॅन फ्रान्सिस्कोला लेकीकडे आलेली. दुपारी दोघींचा फोन चालायचा. पुण्यात रात्री अकरा वाजायची वाट पाहून पाव दरात एसटीडी, म्हणजे परगावचा फोन, लावणारी माझी आई, त्यामुळे न्यू जर्सीच्या मामाशी ती घड्याळ बघून बोलायची. सॅन फ्रान्सिस्को मात्र तिच्या लेखी गावातलंच. बिल आलं तेव्हा मामाचे फोन किरकोळ निघाले आणि मैत्रिणीच्या फोनांनी पान भरलं होतं.

त्या पानावर शब्द असे ‘लोकल टोल’. ‘लोकल’ एवढंच वाचून आपण पान उलटायचो, आणि तिथेच फसायचो.

त्याचं मूळ असं: १ जानेवारी १९८४ला एटी अँड टी या बलाढ्य फोन कंपनीचं विभाजन झालं. गावोगावच्या तारा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेल्या आणि त्यांच्या मुलखाचे दीडशेहून अधिक विभाग पाडले गेले. अशा प्रत्येक विभागाला ‘लॅटा’ म्हणतात. लॅटाबाहेर जाणारा फोन लांब पल्ल्याच्या कंपनीचा ठरला, आतला फोन स्थानिक कंपनीचा. आमचा लॅटा सॅन फ्रान्सिस्कोपासून सॅन होजेपर्यंत पसरलेला होता. त्यात तेव्हा साधारण बारा मैलांपर्यंतचा फोन लोकल असे. त्यापुढे मिनिटांचे पैसे पडू लागत, आणि सोळा मैलांपलीकडे लोकल टोल, म्हणजे लॅटाच्या आतलाच पण महाग फोन, सुरू होई. हे अंतर गाडीच्या रस्त्याने नव्हे, एक्स्चेंज ते एक्स्चेंज सरळ रेषेत मोजत. एरिया कोडवर विसंबून चालत नसे. सनीव्हेलचा कोड ४०८, शेजारच्या माउंटन व्ह्यूचा ६५०, तरी तिथला फोन लोकलच असे.

मग जवळचा फोन महाग का होता? राज्याबाहेरच्या फोनांसाठी कंपन्यांची वर्षानुवर्षं चढाओढ चालली, तिथले दर उतरले. लॅटाच्या आत स्थानिक कंपनी बराच काळ जवळजवळ एकटीच होती. कॅलिफोर्नियात १९९५पासून दुसऱ्या कंपन्यांना वाट मिळाली, पण नंबराआधी जादा आकडे फिरवावे लागत. १९९९मध्ये तीही अट गेली. मग लोकल टोलसाठी वेगळी कंपनी निवडता येऊ लागली. लांब पल्ल्याची कंपनी बदलली म्हणजे लोकल टोलचीही आपोआप बदलली, असं मात्र नव्हतं. या दोन निवडी स्वतंत्र होत्या, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत दुसरी कुणी केलेलीच नव्हती.

निवडताना नुसता मिनिटाचा दर ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नव्हता. सात सेंट दर आणि महिन्याला ५.९५ डॉलर शुल्क अशी त्या वेळची योजना घ्या. महिन्याला तासभरच बोलत असाल तर ४.२० अधिक ५.९५, म्हणजे १०.१५ डॉलर. मिनिट जवळजवळ सतरा सेंटला पडलं! दहा तास बोलणाऱ्याला तीच योजना परवडे. दुसऱ्या कंपनीमार्फत फोन लावायला आधी फिरवायच्या, १०-१० ने सुरू होणाऱ्या नंबरांचंही तसंच. ‘वीस मिनिटांपर्यंत ९९ सेंट’ असेल तर दोन मिनिटांत फोन ठेवला तरी ९९ सेंट जात.

एक गोष्ट मी तेव्हा कळकळीने सांगत असे: इंटरनेटसाठी मोडेम जो नंबर फिरवतो, तो तपासा. तो टोलच्या हद्दीत असेल आणि मुलं रोज दोन तास लाइनवर असतील, तर महिन्याला ३,६०० मिनिटं होतात. दहा सेंटने ३६० डॉलर! आपल्या फोनवरून हा नंबर लोकल आहे का, हे फोन कंपनीलाच विचारा.

आणि न विचारता कुणी आपली कंपनी बदलली, तर गप्प बसून चालत नसे. त्याला ‘स्लॅमिंग’ म्हणतात, ते बेकायदा आहे. स्थानिक कंपनीला सांगून लोकल टोल आणि लांब पल्ला, दोन्ही निवडी गोठवून ठेवता येत, म्हणजे कुणाला त्या परस्पर बदलता येत नसत.

आईवडील यायचे असतील तर ते येण्याआधी हे करून टाकणं शहाणपणाचं होतं. परक्या देशात दुपारी आपल्या भाषेत बोलायला त्यांना फोनच असे, तो त्यांना मोजूनमापून वापरायला लावणं बरं नव्हतं. रात्री मागचं बिल काढायचं, लोकल टोलचं पान उघडायचं, मिनिटांची बेरीज करायची आणि सकाळी फोन कंपनीला विचारायचं: माझ्या लोकल टोलची कंपनी कोणती, आणि दर किती?