पोटात जीव कधी येतो? मतं वेगळी, कायदा एक



पोटात जीव कधी येतो, यावर आपल्या वसईतच एक मत नाही. चर्चची शिकवण सांगते, गर्भ राहिला त्या क्षणापासून. अनेक मुस्लिम विद्वान १२० दिवसांचा हिशेब धरतात. जुन्या बायका म्हणायच्या, बाळ पोटात फिरलं की जीव आला. ज्याची त्याची श्रद्धा. गटाच्या बैठकीत आपण त्याचा निकाल लावायचा नाही.

पण बाईपुढे वेळ थांबत नाही. २००८ साली खाडीपलीकडच्या भाईंदरच्या निकेता मेहता मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. बाळाच्या हृदयात दोष होता, पण कळेपर्यंत २० आठवड्यांची मर्यादा उलटली होती. परवानगी मिळाली नाही. पुढे २०२१ मध्ये १९७१ चा गर्भपात कायदा बदलला.

आता २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत लागतं. बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली अशा काही जणींसाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवडे. बाळात गंभीर व्यंग असेल तर त्यानंतरही वैद्यकीय मंडळ ठरवतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. नाव गुप्त राहतं. मुलगा की मुलगी हे तपासणं मात्र गुन्हाच.

म्हणून एखादी ताई अडचणीत असेल, तर तिला ‘पाप’ म्हणू नका, ‘पाडून टाक’ असंही म्हणू नका. मेडिकलमधल्या गोळ्या परस्पर घेऊ देऊ नका. आशाताईंना सांगा, लवकर सरकारी दवाखान्यात न्या. ठरवू द्या तिलाच.