मुलाच्या डोक्याला मार लागतो तेव्हा



आजचा विषय मजकडे आला तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिक होऊन चांदा व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांतील शाळांत उभा जन्म मास्तरकी केलेला मनुष्य. (चांद्याचे चंद्रपूर होऊन कितीतरी वर्षे लोटली, पण आमच्या पिढीच्या जिभेवरून ते जुने नाव काही उतरत नाही.) परंतु डॉक्टर जवळ नसतो तेव्हाही निर्णय कोणाला तरी करावाच लागतो, आणि खेडेगावात तो बहुधा मास्तराच्या गळ्यात पडतो. असा एक निर्णय मी केला होता आणि तो चुकला. म्हणून हे भाषण करण्याचे मान्य केले.

१९८६ सालचा श्रावण होता. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा होऊन अवघी चार वर्षे झाली होती, आणि मी अहेरीच्या बाजूला एका शाळेवर होतो. शाळेच्या शिपायाची दीड वर्षाची मुलगी दुपारी बंडीवरून खाली पडली. बंडी उभीच होती, बैलही जुंपलेले नव्हते. मुलगी रडली, आईने पदराखाली घेतली, शांत झाली. तरीही बापाच्या मनात पाल चुकचुकली म्हणून तो तिला घेऊन मजकडे आला. गावात शिकलेला असा मीच. मी मोठ्या ऐटीने तिचे डोके पाहिले. कपाळ स्वच्छ होते. रक्ताचा थेंब नव्हता. उजव्या कानाच्या वर मात्र केसांत थोडी मऊ सूज होती. बोट लावले तर पाणी भरलेल्या पिशवीसारखी लागे. मी सांगितले, "टेंगूळ नाही, रक्त नाही, मुलगी दूध प्याली आहे. सकाळी पाहू." नाल्याला त्या वेळी गुडघाभरच पाणी होते.

संध्याकाळी तिने दोनदा उलटी केली. दूध बाधले असेल असे आम्ही ठरविले. पुढे आई सांगत आली की, पोर उठवता उठत नाही. मी म्हणालो, "थकली असेल, झोपू द्या." मध्यरात्री आकडी आली. तोवर पावसाने नाला दोन्ही काठ भरून वाहू लागला होता. पहाटे बाजेवर घालून, चौघांच्या खांद्यावरून तिला पलीकडे नेले. परंतु दवाखाना येण्यापूर्वीच ती गेली. दुपारीच नेली असती तर वाचली असती, असे मी छातीला हात लावून म्हणणार नाही. पण तिला एक संधी मिळाली असती, आणि ती मी घालविली. तो शिपाई त्यानंतर अनेक वर्षे माझ्या शाळेची घंटा देत होता. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही.

माझी चूक कोठे झाली, हे मला पुष्कळ पुढे कळले. मी टेंगूळ शोधीत होतो. मुलीकडे पाहत नव्हतो. चालायला शिकणारे मूल दिवसातून दहा वेळा पडते, आणि शरीराच्या मानाने त्याचे डोके मोठे व जड असल्यामुळे ते प्रथम डोक्यावर येते. बहुतेक वेळा आपटते ते कपाळ. कपाळाचे हाड भक्कम असते व वरच्या कातडीत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्यामुळे पाच मिनिटांत लिंबाएवढे टणक टेंगूळ उभे राहते आणि सारे घर गडबडून जाते. पण असे टेंगूळ दिसते तितके भयंकर बहुधा नसते. उलट कानशिलाजवळचे हाड पातळ असते, आणि त्याच्या आतल्या अंगाने एक रक्तवाहिनी गेलेली असते. हाडाला तडा जाऊन ती फाटली, तर कवटी आणि मेंदूचे आवरण ह्यांच्यामध्ये रक्त साचू लागते. साचेपर्यंत काही वेळ जातो. त्या अवधीत मूल हसते, खेळते, दूध पिते. आणि मग हळूहळू ते सुस्त होत जाते. बाजूला किंवा मागे आलेली मऊ, लिबलिबीत सूज म्हणूनच कपाळावरच्या टणक टेंगळाहून अधिक संशयास्पद मानावी. मूल वर्षाच्या आतले असेल तर विशेषच.

ह्या बाबतीत अंदाजाने बोलण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. डोक्याला मार लागून उत्तर अमेरिकेतील २५ रुग्णालयांत आलेल्या ४२,००० हून अधिक मुलांची पाहणी करून डॉक्टरांनी तिचा वृत्तांत २००९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. वरवर शुद्धीवर दिसणाऱ्या अशा दर हजार मुलांत सुमारे ९ जणांच्याच मेंदूला गंभीर इजा झालेली आढळली. दोन वर्षांच्या आतील मुलांकरिता त्यांनी सहा गोष्टी पाहावयास सांगितल्या आहेत: मूल गुंगीत किंवा विलक्षण चिडलेले आहे काय, कपाळ सोडून डोक्याच्या इतर भागावर सूज आहे काय, मार लागताच पाच सेकंद किंवा त्याहून अधिक काळ शुद्ध गेली होती काय, मार जबर होता काय, म्हणजे तीन फुटांहून अधिक उंचीवरून पडणे, मोटारीचा अपघात किंवा डोक्यावर जड वस्तू आदळणे, हाड खचल्यासारखे हाताला लागते काय, आणि शेवटची गोष्ट, आईबापांना मूल नेहमीसारखे वाटते काय. ह्यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर गंभीर इजा असण्याचा संभव पाच हजारांत एकाहूनही कमी.

सहावी गोष्ट पुन्हा एकदा ऐका. एवढ्या मोठ्या रुग्णालयांतील विद्वानांनी आईच्या म्हणण्याला पुराव्याच्या रकान्यात जागा दिली आहे. "पोर उठवता उठत नाही," असे ती बाई मला सांगत होती तेव्हा तिच्यापाशी शास्त्र होते आणि मजपाशी केवळ मॅट्रिकचे सर्टिफिकेट होते. आमच्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना बालकाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले. पुढे त्याच वाटेने नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आल्याचे १९९९ साली साऱ्या जगाने वाचले. धोक्याची खूण ओळखण्यास पदवी लागत नाही. ती माहीत असावी लागते, आणि ओळखणाऱ्याचे ऐकून घेणारे कोणी तरी असावे लागते.

आता, कोणत्या खुणा दिसताच अंगावरच्या कपड्यानिशी निघावे? शुद्ध गेली, आकडी आली, उलट्या पुनःपुन्हा होऊ लागल्या, कानातून वा नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा द्राव येऊ लागला, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, एक हात वा पाय लुळा पडला, चालते मूल झोकांड्या खाऊ लागले, रडणे कशानेच थांबेना, तान्हे मूल अंगावर पिईना, किंवा शांत असतानाही टाळू वर फुगून आलेली दिसली, तर घरच्या घरी विचारविनिमय करीत बसू नये. वर्षाच्या आतील मूल, आणि विशेषतः तीन महिन्यांच्या आतील तान्हे, डोक्यावर पडले असेल तर खूण नसली तरी डॉक्टरला दाखवावेच. रक्त न गोठण्याचा विकार असेल तरीही तेच. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. तसे मूल असेल तर ते डॉक्टरला विचारण्यापूर्वीच सांगावे.

येथवर सांगितले ते मुंबईत आणि मुलचेऱ्यात सारखेच. परंतु आमच्या भागात आणखी एक हिशेब करावा लागतो, आणि तो कोणत्याही इंग्रजी पुस्तकात मिळणार नाही. शहरातील डॉक्टर सांगतो, "चार-सहा तास नजरेखाली ठेवा, काही वाटले तर आणा." त्या 'आणा'मध्ये त्याने दहा मिनिटांची रिक्षा गृहीत धरलेली असते. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरांहून अधिक. सिरोंचाहून तर सुमारे दोनशे. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटल्याच्या बातम्या आपण कितीतरी पावसाळे वाचीत आलो आहोत. तेव्हा दुपारी चारला मूल पडले, मार जरा जबर आहे, पण खूण अद्याप काही नाही, अशा वेळी अंधार पडण्यापूर्वीच दवाखान्याच्या गावी जाऊन राहावे. वाट पाहावयाचीच असेल तर ती नाल्याच्या अलीकडे नव्हे, पलीकडे जाऊन पाहावी. सकाळी मूल खेळत असले तर एसटीने परत यावे. लोक हसले तर हसू द्यावेत.

हे केवळ जंगलातल्या लोकांकरिता आहे असे चंद्रपूर-नागपूरच्या श्रोत्यांनी समजू नये. सुटीत आपण मुलांना घेऊन ताडोब्याला जाता, हेमलकशाला जाता, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेस जाता. मोटारसायकलच्या टाकीवर दोन वर्षांचे मूल पुढे बसवून नेणारे सुशिक्षित बाप मी नित्य पाहतो. स्वतःच्या डोक्यावर हेल्मेट आणि मुलाच्या डोक्यावर लोकरीची टोपी! निघताना वाटेत दवाखाना कोठे आहे एवढे तरी विचारून ठेवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे व तिला पैसे पडत नाहीत. पण ती येईपर्यंत वेळ लागणार असे दिसले तर गावातील जीप पाहावी आणि निघावे.

घरगुती उपचारांविषयी थोडके सांगतो. टेंगळावर थंड पाण्याची घडी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ ठेवावा, बस्स. ते चोळून जिरविण्याची आपल्याकडील चाल वाईट आहे. जखमेत हळद, चुना, राख भरू नये. स्वच्छ फडके दाबून धरावे, मात्र हाड खचलेले लागत असेल तर त्यावर दाब देऊ नये. गुंगीतल्या मुलाच्या तोंडात पाणी, दूध, साखर काही घालू नये. ॲस्पिरिन देऊ नये. फार उंचावरून पडलेल्या मुलाला बखोटीस धरून उचलू नये; मानेला इजा असू शकते. बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर डोके, मान व अंग एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी घशात अडकत नाही.

"झोपू देऊ नका, झोपला की गेला," असे शेजारीण सांगते. तेही खरे नव्हे. मूल नेहमीसारखे वागत असेल आणि त्याची झोपेची वेळ असेल, तर त्याला झोपू द्यावे. अधूनमधून हलवून पाहावे: ते कुरकुरते काय, हात झिडकारते काय, आईला ओळखून पदर धरते काय? रागावून पुन्हा झोपले तर उत्तम. हलवूनही नीट जागे होईना, तर ती झोप नव्हे. मी त्या रात्री जिला थकवा म्हटले ती हीच.

आणखी एक विनंती घरातील वडीलधाऱ्यांना. मूल पुष्कळदा पडते ते मोठ्या बहिणीच्या कडेवरून किंवा कामवाल्या पोरीच्या हातून; आणि मार बसेल ह्या भयाने ती गोष्ट लपविली जाते. संध्याकाळी मूल ओकते, आणि अजीर्ण म्हणून ओवा उगाळला जातो. त्या पोरीवर प्रथम हात उगारू नका. किती वाजता पडले, कोठून पडले, लगेच रडले की काही वेळ निपचित होते, हे तिलाच ठाऊक असते. डॉक्टरला तेच हवे असते. कागदावर वेळ लिहून न्यावी.

याच्या उलट दुसरे टोकही मी पाहिले आहे: दवाखान्यात पोहोचताच "आधी स्कॅन काढा" म्हणून डॉक्टरशी हुज्जत घालणारे पालक. सी. टी. स्कॅनने कवटीच्या आतील चित्र १९७१ साली लंडनमध्ये प्रथम पाहावयास मिळाले, आणि ज्यांच्या बुद्धीने ते साधले त्या हाउन्सफील्ड व कॉरमॅक ह्यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विद्या मोठीच, परंतु त्या किरणांचा लहान मुलांना अल्पसा का होईना अपाय संभवतो. डॉक्टर तपासून "काही तास येथे बसा, पाहू" म्हणाले, तर ते टाळाटाळ करीत आहेत असे समजू नये. तो उपचारच आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझा चौदा महिन्यांचा नातू दिवाणावरून फरशीवर पडला. कपाळावर हा एवढा लिंबू! तत्काळ रडला, सूनबाईने उचलले, दहा मिनिटांत पुन्हा मांजरीमागे रांगू लागला. उंची दीड फूट, सूज कपाळावर, खुणा एकही नाही. आम्ही घरीच थांबलो. रात्री मी तीन वेळा त्याला हलविले आणि तिन्ही वेळा त्याने मला लाथ मारली. तिसऱ्या दिवशी मात्र उजव्या डोळ्याची पापणी काळीनिळी झाली आणि त्याची आजी घाबरून रडू लागली. कपाळातले साचलेले रक्त कातडीखालून खाली उतरते, त्याचा तो रंग. कपाळाला मार नसताना दोन्ही डोळ्यांभोवती काळे पडले, किंवा कानामागे निळी छटा आली, तर गोष्ट निराळी; तेथे कवटीच्या तळाला तडा गेल्याचा संशय घ्यावा व तडक जावे. आमच्या घरचा काळा डोळा आठवड्यात पिवळा होऊन गेला.